सावलीची आखणी

१

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी घराबाहेर खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाबद्दल लोक दोनच अंदाज बांधतात. एकतर त्याचा कूलर बिघडलाय, नाहीतर डोकं. कवडू निखाड्यांचं दोन्ही ठीक होतं. मागे अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात गेला, अर्धी जीभ गेली, पण रस्ता बघायची हौस काही गेली नाही. म्हणून दुपारचा चहा झाला की सत्यवतीबाई त्यांना फाटकाशी छज्ज्याखाली बसवत, डोक्यावर ओला दुपट्टा टाकत आणि काठी हाताशी ठेवत. मग कवडूराव संध्याकाळपर्यंत समोरच्या आभाळाकडे बघत राहत.

आभाळ दिसायचं ते गल्लीच्या पश्चिम टोकाला असलेल्या रिकाम्या प्लॉटमुळे. हुडकेश्वरच्या त्या गल्लीत सगळी घरं बसकी, फार तर वर एखादी खोली. कवडूरावांनी ओव्हरसियर म्हणून उभा जन्म दुसऱ्यांच्या इमारती बांधून घेतल्या होत्या आणि स्वतःसाठी मात्र हट्टानं जमिनीला चिकटलेलं घर बांधलं होतं. "माह्यासमोर भिंत नको," एवढंच ते म्हणायचे.

आणि त्या उन्हाळ्यात प्लॉटवर पाटी लागली. दहा मजले. कोणाला हरकत असेल तर कळवावी.

हरकत कोणाला नव्हती! कॉलनीचे सेक्रेटरी रवींद्र भोयर यांच्या पोर्चमध्ये मीटिंग भरली आणि जो तो तावातावानं बोलू लागला. नळाला आत्ताच पाणी येत नाही, गाड्या कुठं लावतील, रात्री-बेरात्री कोण येईल-जाईल. प्लॉटला लागून राहणाऱ्या अंजनाबाईंचं दुःख सगळ्यात खरं होतं. त्या उन्हाळाभर ऑर्डरीची वाळवणं करायच्या.

"तपनच नाई राहिली तं माह्या कुरोड्या वाळवू कुठं? तुमच्या बोडक्यावर?" त्यांनी भोयरांना विचारलं. भोयरांना टक्कल होतं, त्यामुळे सगळे हसले.

सत्यवतीबाई हसल्या नाहीत. त्यांना आपल्या फाटकातली खुर्ची दिसत होती. त्या खुर्चीतल्या माणसाजवळ आता बघण्याखेरीज काही उरलं नव्हतं, आणि तेही कोणी काढून घेणार असेल तर त्या गप्प बसणार नव्हत्या. जन्मभर मुलींना भूगोल शिकवलेल्या बाई उठून म्हणाल्या, "साहेब लोक अर्ज वाचत नाहीत. त्यांना दाखवा लागते. सावली कुठवर पडते ते आपण रस्त्यावरच आखून ठेवू. मी काढते हिशोब."

२

हिशोब काढावा तर बाईंनीच. सूर्य किती उंचीवर, इमारत किती उंच, चार वाजता सावली कुठे पोचेल, सगळं त्यांनी बिल्डरच्या नकाशावरून मांडलं. सकाळी ऊन चढायच्या आत भोयरांनी टेप धरला आणि बाईंनी जुन्या घमेल्यातून चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ सोडत नेली. प्लॉटपासून निघून अंजनाबाईंच्या अंगणावरून, रस्त्याला कापून ती रेघ थेट निखाड्यांच्या फाटकाशी आली. नको तिथे नेटकेपणा हा बाईंचा जुना रोग. त्यांनी गच्चीचा कठडा आणि वरच्या पाण्याच्या टाक्यांचे दोन चौकोनसुद्धा आखले.

काम संपलं तेव्हा खुर्चीतून कवडूराव काहीतरी बोलत होते.

"सत्या... पूजा."

"कायची पूजा?"

"फक्की पडली नं... कोरडी नको ठेवू वं."

भोयर पोट धरून हसले. "काकाजी, आपण बिल्डिंग अडवाले निघालो का बांधाले?"

पण कवडूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर त्यांनी पाहिलं होतं: चुन्याची आखणी झाली की कोपऱ्यावर हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि मगच कुदळ लावायची. उघडी आखणी त्यांनी कधी कुठल्या साइटवर सोडली नव्हती. आजारी माणसाशी वाद कसला घालायचा? नवऱ्याचं मन राखायला बायकांनी आजवर काय काय केलंय, त्यापुढे एक नारळ म्हणजे काहीच नाही. बाईंनी रेघेच्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि दगडावर नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा गल्लीतल्या सगळ्यांनी खाल्ला. अंजनाबाईंनी दोनदा मागून घेतला.

३

पहिल्यांदा कुत्र्यांना कळलं.

तीन-चार दिवसांनी दुपारी बाई फाटकाशी आल्या तर गल्लीतली सगळी कुत्री भर उन्हात, तापलेल्या डांबरावर झोपलेली. एरवी ती नालीत नाहीतर गाड्यांखाली शिरून असायची. आता पाय ताणून, पोटं वर करून, गाढ झोपली होती. आणि सगळी रेघेच्या आत. एकाचं शेपूट तेवढं रेघेबाहेर गेलं होतं, ते त्यानं झोपेतच आत ओढून घेतलं.

बाईंनी चप्पल काढून रेघेच्या अलीकडे पाय ठेवला आणि चटका बसून लगेच उचलला. मग पलीकडे ठेवला. तिथलं डांबर थंड होतं. माठ ठेवलेल्या कोपऱ्यातली फरशी असते तसं थंड.

वर बघितलं. आभाळ स्वच्छ, पांढरं, डोळे जाळणारं. रेघेच्या दोन्ही बाजूंना ऊन सारखंच होतं. कुठे पाइप फुटला असेल, जमिनीखालून पाणी वाहत असेल, असं बाईंनी स्वतःला सांगितलं आणि ते त्यांना पटलंही. विज्ञान शिकलेल्या माणसाला काहीतरी कारण सापडलं की हायसं वाटतं, मग ते लंगडं का असेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंजनाबाई दारात. हातात ताट.

"मॅडम, हे पाहा नं. अर्ध्या स्लॅबवरच्या कुरोड्या कडक झाल्या, अन् अर्ध्या पाहा कशा लिबलिबीत. तीन दिवस झाले वाळत घालून."

"कोणत्या अर्ध्या?"

अंजनाबाईंनी रस्त्यावरच्या रेघेकडे पाहिलं आणि ताट खाली ठेवलं.

४

मग ती दिसायला लागली. एकदम नाही. आधी रेघेच्या आतलं ऊन जरा पिवळं पडलं. मग राखाडी. नवतप्याचे नऊ जळते दिवस जवळ आले, नागपूर भट्टीसारखं पेटलं, आणि चार वाजता त्या गल्लीत रेघेबरहुकूम दाट, निळसर, गार सावली पडू लागली. वरती काहीच नव्हतं. रिकामा प्लॉट, बाभळी, आणि त्यावर उघडं आभाळ.

बाईंनी रोज रेघ तपासली. सावलीचा काठ फक्कीच्या मधोमध यायचा. एका बोटाचाही फरक नाही. आपला हिशोब इतका बरोबर निघाला म्हणून त्यांना आधी अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचीच मग त्यांना भीती वाटली. एका सकाळी त्यांनी बादलीभर पाणी आणि खराटा घेऊन सगळी रेघ धुऊन काढली. चार वाजता सावली आली ती पूर्वीच्याच जागी.

लोकांचं म्हणाल तर लोक आले, सतरंज्या घेऊन. आधी भोयर आले. "ढग असन एखादा," असं ते निरभ्र आभाळाकडे न बघता म्हणाले आणि बसले. मग बायका भाजी निवडायला आल्या, म्हातारे पत्ते घेऊन आले. जिथे दुपारी चिटपाखरू फिरकत नसे तिथे जत्रा भरू लागली. कशाची सावली, हे कोणी विचारत नव्हतं. आयतं मिळतंय तर खोदून कशाला बघा! फक्त बोलताना सगळ्यांचा आवाज आपोआप खाली येई, देवळात येतो तसा, आणि वर मात्र कोणी बघत नसे.

कवडूराव बघत. त्यांनी खुर्ची सावलीत घ्यायला लावली होती. तिथे बसू लागल्यापासून त्यांची जीभ मोकळी होऊ लागली, मान सरळ झाली. काठी टेकत ते फाटकापासून रस्त्यापर्यंत स्वतः जाऊ लागले. डॉक्टरांनी न केलेलं काम सावलीनं केलं होतं, आणि बाईंना रडावं की हसावं कळत नव्हतं.

"काय पाहता हो तिकडे?" त्यांनी एकदा विचारलं.

"काम झ्याक केलं आहे," कवडूराव म्हणाले. ओव्हरसियरची नजर होती ती. "प्लास्टर पाह्य. कुठं तडा नाई."

बाईंना वर बघवेना. त्या खाली बघू लागल्या. रस्त्यावर सावलीचा काठ होता: कठडा, त्याचे गज, दोन टाक्या. आणि टाक्यांच्या मध्ये एक दोरी. दोरीवर कपडे होते. गल्लीत वाऱ्याचा मागमूस नव्हता, एक पान हलत नव्हतं. ते कपडे हलत होते.

५

हरकतीची पाहणी करायला महापालिकेचे साहेब आले ते घामानं निथळत. भोयरांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. साहेब सावलीत बसले, मान पुसली, पाय ताणले आणि समाधानाचा सुस्कारा सोडला.

"हां, बोला. तुमचा मुख्य आक्षेप सावलीचा आहे ना? कुठपर्यंत येणार म्हणता सावली?"

बायकांनी भाजीत डोकं घातलं.

"इथपर्यंत, साहेब," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि बोटानं काठ दाखवला.

साहेबांनी काठ पाहिला. मग काठाच्या बाहेर जळणारं ऊन पाहिलं. मग ती सावली कुठून येते ते बघायला त्यांची मान हळूहळू प्लॉटकडे वळू लागली, आणि मध्येच थांबली. त्यांनी पाय जवळ घेतले. पाणी न संपवता ते उठले, उन्हात जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "ठीक आहे. आक्षेप रास्त आहे. मी तसं लिहितो."

आठवडाभरात पाटी निघाली. इमारत होणार नव्हती. भोयरांनी पेढे वाटले, अंजनाबाईंनी बाईंना मिठी मारली. त्या दिवशीही चार वाजता सावली आली, आणि पेढे सगळ्यांनी तिच्यातच बसून खाल्ले. सावलीतल्या गच्चीच्या कठड्याला टेकून त्या दिवशी माणसं उभी होती. काठावर डोकी दिसत होती, एकाला एक लागून, खाली गल्लीत काय चाललंय ते बघणारी. बाईंनी पेढा तोंडातून काढून हातात धरला आणि पदरानं ओठ पुसत बसल्या.

"जिंकलो आपण," त्या कवडूरावांना म्हणाल्या. "आता तुमच्यासमोर भिंत येत नाई."

कवडूराव वर बघून हसत होते. त्यांचा डावा हात उचललेला होता, ओळखीच्या माणसाला करतात तसा.

६

मेच्या शेवटी नागपुरात एक दिवस असा येतो की दुपारी बाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली पडतच नाही. बाई दर वर्षी शाळेच्या पटांगणात स्टीलचा गिलास उपडा ठेवून मुलींना ते दाखवायच्या. निवृत्त झाल्यावरही गिलास ठेवायची सवय राहिली होती. कवडूराव आत कूलरसमोर पडले होते. बाई डोक्याला दुपट्टा गुंडाळून गिलास घेऊन स्लॅबवर गेल्या.

सावली आकसत आकसत गिलासाखाली गेली. विजेच्या खांबाची गेली, झाडांची बुंध्याशी गोळा झाली. सगळी गल्ली उघडी पडली. हे दृश्य बाईंना नेहमी आवडायचं. हिशोब जुळल्यासारखं वाटायचं.

मग त्यांनी प्लॉटकडे बघितलं.

इमारतीची सावली इमारतीखाली गेली होती. प्लॉटच्या मधोमध एक काळोखा चौकोन उभा होता. हो, उभा. त्यातल्या बाभळी बंद खोलीतल्या सामानासारख्या अंधूक दिसत होत्या. आणि आवाज येत होते. वरून, रिकाम्या आभाळातून. कोणीतरी स्टूल सरकवलं. कुकरची शिट्टी झाली. एक लेकरू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेलं आणि कोणा बाईनं त्याला हाक मारली. मजल्यावर मजले चढत गेलेले भरल्या घरांचे आवाज होते ते, आणि त्यांत भिण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं. बाईंचे हात आपोआप जोडले गेले. इतकं मोठं, इतकं भरलेलं काहीतरी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आत्ताही पाहत नव्हत्या.

तेवढ्यात त्यांना खाली फाटक वाजल्याचं आठवलं. मघाशी वाजलं होतं. त्यांचं लक्ष गिलासाकडे होतं.

त्या कशा खाली आल्या, कशा धावल्या, त्यांनाच माहीत. कूलरसमोरची गादी रिकामी होती. प्लॉटच्या तोंडाशी, जिथे नकाशात जिना दाखवला होता तिथे, कवडूरावांच्या चपला होत्या. शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या, आपण दुसऱ्याच्या दारात काढतो तशा. आणि चपलांजवळ त्यांची काठी उभी होती. भिंतीला टेकवून ठेवावी तशी तिरपी.

भिंत नव्हती.

"अहो!" बाई ओरडल्या.

पाऊलभर अंतर उरलं असताना सूर्य कलला असावा. चौकोनाची कड विरली. काठी घसरली आणि मातीत पडली.

७

पोलीस आले, बाभळी तोडून झाल्या, विहिरी बघून झाल्या. भोयरांनी मौद्यापासून सावनेरपर्यंत माणसं पाठवली. अर्धांगाचा माणूस अनवाणी, बिनकाठीचा, नवतप्यात जाईल किती लांब? सगळे हेच म्हणत होते. सावलीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि गल्लीत कोणी सतरंजीही टाकली नाही.

बाई मात्र चार वाजता फाटकाशी येऊन उभ्या राहत. काठ त्यांच्या पायांशी येई: कठडा, गज, टाक्या, दोरी, डोकी. त्यांतलं एक डोकं त्या ओळखत. चाळीस वर्षं उशीवर पाहिलेलं डोकं ओळखायला कोणी चुकेल का? मान सरळ. बाई दिसल्या की तो माणूस हात वर करी. उजवा हात.

अंजनाबाईंनी एकदा मागून येऊन त्यांचा खांदा धरला. "घरात चला वं बाई. तपन लागन."

"ते बोलावून राहिले मले," बाई म्हणाल्या. "अन् मले रस्ता नाई."

अंजनाबाईंनी खाली सावलीच्या काठाकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

मग मृग जवळ आला. पश्चिमेकडून ढग येऊ लागले. एक दिवस चार वाजले आणि रस्ता सगळीकडे सारखाच राखाडी होता. काठ नाही, कठडा नाही, कोणी नाही. बाई अंधार पडेपर्यंत उभ्या राहिल्या. आता पावसाळाभर असंच, हे त्यांना भूगोलानं फार आधी शिकवलं होतं. सावलीला ऊन लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. जितेंद्र नावाचा तरुण मॅनेजर त्यांना बघून उठून उभा राहिला. ही कोण बाई ते त्याला पक्कं माहीत होतं.

"मॅडम, आता काय राह्यलं? तुमच्याच आक्षेपानं तं काम बंद पडलं."

"माझा आक्षेप नाही," बाई म्हणाल्या. "मी मागे घेते. सगळ्यांच्या सह्या मी आणून देईन, त्याची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही बांधा."

जितेंद्र बघतच राहिला. "काहून पण, मॅडम?"

बाईंनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. तिच्यात कवडूरावांच्या चपला होत्या. वर गच्ची फार तापत असेल, आणि तो माणूस अनवाणी गेला होता.

"दहा मजले नाही झाले तरी चालेल," त्या म्हणाल्या. "भिंती मागून घाला. पहिले जिना बांधा."